लेक जर्मनीच्या गावात निघाली : तिथं आपलं कसं व्हायचं?

गटाच्या सगळ्या ताया, काकू, आज्या आणि स्वयंपाक करता करता रेडिओ ऐकणाऱ्या सुनांनो, आज आपण जरा लांबच्या गावाला जाणार आहोत. जर्मनीतल्या गावाला.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा आणि जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याचा एक करार झाला. आपल्याकडच्या सुमारे दहा हजार कुशल तरुण-तरुणींना तिथं काम मिळावं असं त्यात ठरलं. नर्स, वृद्धांची काळजी घेणाऱ्या, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी ती कामं आहेत. तेव्हापासून आमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत कर्ज आणि हप्त्यांच्या जोडीला जर्मनीचाही विषय निघतो. कुणाची लेक नर्सिंग करून जर्मन भाषेच्या क्लासला जाते, कुणाचा भाचा चौकशी करतोय. आयांचे प्रश्न पगाराचे कमी आणि दुसरेच जास्त असतात. "तिथं तिला कुणी आपलं म्हणेल का? एकटी पडली तर?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण सगळ्याच मुली मोठ्या शहरात जात नाहीत. वृद्धाश्रम आणि छोटी रुग्णालयं गावांमध्ये, लहान कसब्यांमध्येही असतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात कोण आलं, कोण गेलं, कुणी विचारत नाही. गावात मात्र पहिल्या दिवशीच सगळ्यांना कळतं की नवीन माणूस आलंय. हे आपल्या गावात आहे तसंच तिथंही आहे.

नवीन माणसाला तिथंही नाव ठेवलेलं आहे

बाडेन-वुर्टेमबर्गच्या मोठ्या भागाला श्वाबेन म्हणतात. तिथल्या बोलीत बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाला 'राइगश्मेक्टे' म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर 'आत येऊन चव घेतलेला'. हा शब्द फक्त परदेशी माणसासाठी नाही. जर्मनीच्याच दुसऱ्या टोकाहून आलेल्या माणसालाही तो लागतो, आणि वीस वर्षं राहिला तरी चेष्टेत का होईना, चिकटून राहतो. आपल्याकडे एखाद्या घराला पिढ्यान् पिढ्या अमक्या गावचे म्हणून ओळखतात, तसंच.

इतिहासातलं एक उदाहरण सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर पूर्वेकडच्या प्रदेशांतून सुमारे एक कोटी वीस लाख जर्मन लोकांना घरदार सोडावं लागलं. १९५० पर्यंत त्यातले सुमारे ऐंशी लाख पश्चिम जर्मनीत आले. शहरं बॉम्बने उद्ध्वस्त झाली होती, म्हणून अनेकांना खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरांत एखादी खोली देऊन ठेवलं. भाषा एकच, देश एकच. तरी बोली वेगळी, पंथ वेगळा, हातात पैसा नाही, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना कितीतरी वर्षं परकंच मानलं. पुढं त्यांची मुलं त्याच शाळांत शिकली, लग्नं जुळली, एकत्र कामं केली, तेव्हा कुठं ते अंतर कमी झालं.

हे लेकीला जाण्याआधीच सांगा. पहिल्या वर्षी गाव अंतर राखून वागलं, तर तो दर वेळी तिच्या रंगाचा किंवा देशाचा प्रश्न असतोच असं नाही. कधी तो असतोही, त्याबद्दल पुढं बोलू. पण गावाला नवीन माणसाची सवय व्हायला वेळ लागतो, हे आधी माहीत असलं की मन कमी दुखतं.

केर काढण्याची पाळी

आता रोजच्या गोष्टींकडे येऊ. गावात आपलं म्हणून घेणं हे मोठ्या भाषणांतून होत नाही, बारीकसारीक गोष्टींतून होतं.

श्वाबेनमध्ये एक रीत आहे, तिचं नाव 'केरवोखे'. केर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. योगायोग बघा, केर हा शब्द आपल्यासारखाच निघाला! एका इमारतीत चार कुटुंबं राहत असतील तर प्रत्येकाची एका आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. त्यानं जिना पुसायचा, अंगण आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. स्टुटगार्ट या राजधानीत स्वच्छतेचे असे नियम १४९२ सालापासून सांगितले जातात. आता अनेक ठिकाणी ही अट भाडेकरारातच लिहिलेली असते.

आपल्या लेकीला वाटेल, ड्युटी करून आले, जिना स्वच्छच दिसतोय, कशाला पुसू? पण शेजारची आजी जिना स्वच्छ आहे की नाही एवढंच बघत नाही. नवीन मुलीनं आपली पाळी पाळली का, हे ती बघते. गटात बचतीची रक्कम लहान असली तरी ती ठरल्या दिवशीच भरायची, असा आपण आग्रह धरतो, त्यामागेही हेच आहे. पाळी पाळणाऱ्या माणसावर भरवसा बसतो.

अशाच आणखी काही गोष्टी आहेत.

कचरा वेगवेगळा करावा लागतो. कागद वेगळा, भाजीची देठं-सालं वेगळी, प्लॅस्टिक आणि डबे वेगळे, उरलेला वेगळा. प्रत्येकाचा उचलायचा दिवस ठरलेला असतो. पाण्याच्या, सरबताच्या बहुतेक बाटल्यांवर अनामत रक्कम असते. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट. बाटली दुकानात परत दिली की पैसे परत.

रविवार शांततेचा दिवस. बहुतेक दुकानं बंद. भिंतीत खिळे ठोकणं, गवत कापण्याचं यंत्र चालवणं चालत नाही. काचेच्या बाटल्या टाकायच्या पेटीतही रविवारी बाटल्या टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून. रात्री दहानंतर मोठ्यानं गाणी नाहीत, आणि गॅलरीत उभं राहून फोनवर घरच्यांशी मोठ्यानं बोलणंही नाही.

खिडक्या दिवसातून दोन-तीन वेळा पूर्ण उघडून हवा बदलायची, अगदी थंडीतही. भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून ही रीत आहे आणि घरमालक त्याबाबत कडक असतात. आपली फोडणी बसली की खिडकी उघडण्याचं ते आणखी एक कारण!

नमस्कार, अहो आणि अगं

त्या भागात भेटल्यावर 'ग्र्यूस गोट' म्हणतात. पावाच्या दुकानात शिरताना, दवाखान्यात थांबलेल्या लोकांच्या खोलीत जाताना, गावच्या रस्त्यावर कुणी समोरून आलं तर, सगळीकडे. आपल्याकडच्या 'रामराम'सारखंच समजा. मान खाली घालून, कुणाकडे न बघता चालणं आपल्याकडे मुलीचा शालीनपणा समजला जातो. तिथं तसं केलं तर लोकांना वाटतं, हिला आपल्याशी बोलायचंच नाही. तेव्हा मान वर करून, डोळ्यांत बघून, हसून नमस्कार करायचा. आयांनो, हे तुम्हीच लेकीला सांगा, कारण मान खाली घालायला आपणच शिकवलेलं असतं.

जर्मन भाषेत 'झी' म्हणजे अहो आणि 'डू' म्हणजे अगं-अरे. मोठ्या माणसाला, अनोळखी माणसाला, वरिष्ठांना 'झी'. वयानं किंवा मानानं मोठा माणूस स्वतःहून म्हणतो, "आता मला डू म्हण." तोवर थांबायचं. आपल्या मुलींना हे सोपं जातं, कारण आपल्या भाषेतही हा फरक आहे. आणि ज्या दिवशी शेजारची आजी "मला डू म्हण" म्हणेल, तो दिवस लक्षात ठेवण्यासारखा. एक पायरी वर चढलो असं समजायचं.

वाढदिवसाची एक गंमत ऐका. आपण आदल्या रात्रीच शुभेच्छा देऊन मोकळे होतो. तिथं आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. आणि कामाच्या ठिकाणी ज्याचा वाढदिवस असतो तोच सगळ्यांसाठी केक नेतो. दुसऱ्यांनी आपल्यासाठी आणावा म्हणून वाट बघत बसलं तर दिवस तसाच जायचा. लेकीनं त्या दिवशी केक न्यावा, सोबत रव्याचे लाडू न्यावेत. घरी कुणी दुपारी चारला कॉफी आणि केकला बोलावलं तर चारलाच पोचायचं, सोबत फुलं न्यायची. साडेचारला गेलं तर आजीची कॉफी थंड झालेली असते आणि मनही.

गावाचं दार मंडळातून उघडतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. जर्मन माणूस घरात लवकर बोलावत नाही. त्याला भेटायचं तर मंडळात जावं लागतं. मंडळाला तिथं 'फेराइन' म्हणतात. देशभरात अशी सुमारे सहा लाख नोंदणीकृत मंडळं आहेत. गाण्याचं, बँडचं, खेळाचं, बागकामाचं. गावची आगसुद्धा गावकरीच विझवतात. खेड्यांमधलं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं असतं. देशात असे सुमारे दहा लाख स्वयंसेवक आहेत. दिवसा सुतारकाम किंवा शेती करणारा माणूस भोंगा वाजला की धावत सुटतो.

आणि बायांचं मंडळ? ते ऐकून तुम्हाला नक्की बरं वाटेल. त्याचं नाव 'लांडफ्राउएन', म्हणजे ग्रामीण स्त्रिया. १८९८ मध्ये एलिझाबेट ब्योम नावाच्या जमीनदार घरातल्या बाईंनी रास्टेनबुर्ग या गावी असं पहिलं मंडळ काढलं. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की शेतकरी बाईचं काम हे काम म्हणून मोजलं जात नाही, तिला शिक्षण नाही, आणि तिच्या कोंबड्यांची अंडी, लोणी, भाजी यांना नीट भाव मिळत नाही. म्हणून बायांनी एकत्र येऊन शिकायचं आणि माल एकत्र विकायचा. ऐकल्यासारखं वाटतंय ना? सव्वाशे वर्षांपूर्वीचा बचत गटच म्हणा की! आज त्यांच्या राष्ट्रीय संघटनेशी जोडलेल्या सुमारे साडेचार लाख बाया आहेत. शेती नसली तरी खेड्यात राहणाऱ्या बाईला सभासद होता येतं.

म्हणजे आपली लेक, जिनं लहानपणापासून आईला गटाच्या बैठकीला जाताना पाहिलंय, तिला तिथं पाय ठेवायला जागा आहे. गावच्या जत्रेसारख्या उत्सवात ही मंडळं केकचा स्टॉल लावतात. घरोघरच्या बाया केक करून देतात, कुणी कॉफी ओतते, कुणी भांडी धुते. नवीन मुलीनं पहिल्या वर्षी भाषणं करायची गरज नाही. भांडी धुवायला उभं राहावं. तिथं भाषा कमी लागते आणि ओळख जास्त होते. "केक कुणी केला? ही कप कुठं ठेवू?" एवढ्यावर संध्याकाळ निघते, आणि दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात चार जणी नावानं हाक मारतात.

भाषेचं मात्र टाळून चालणार नाही. पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ ही पातळी लागते. पण क्लासमधली जर्मन वेगळी आणि गावची बोली वेगळी. पुण्याची पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला आपली माणदेशी किंवा मालवणी ऐकवा, तसं होतं. म्हणून घाबरायचं नाही. "सावकाश बोला, मी शिकतेय" हे वाक्य आधी पाठ करायचं.

एकटेपणाची खरी कारणं

आम्हाला आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, ज्या माहितीपत्रकात नसतात.

पहिली, एसटी. खेड्यात संध्याकाळनंतर बस कमी असते. ड्युटी संपली, बस गेली, मग मंडळाच्या सरावाला जायचं कसं? आपलं वाहन परवानापत्र तिथं राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, मग तिथली परीक्षा द्यावी लागते. म्हणून इथं असतानाच गाडी नीट चालवायला शिकू द्या. सायकल तर हवीच. मुलीच्या हातात गाडी देणं हा आपल्याकडे अजून काही घरांत वादाचा विषय आहे. तो वाद आत्ताच मिटवा.

दुसरी, थंडी आणि अंधार. डिसेंबरात तिथं दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात, कारण हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा. मुलगी खोलीत बसते, फोन लावते, आणि रोज दोन तास मनानं इथंच असते. इथं आयांची जबाबदारी येते. फोन जरूर करा, पण वेळ ठरवून. तिची मंडळाची संध्याकाळ असेल तर त्या दिवशी फोन नको. "आज कुणाशी बोललीस?" हे विचारा. "जेवलीस का?" हे तर आपण विचारतोच.

मनं आणि कागद, दोन्ही हवेत

गावानं आपलं म्हटलं की सगळं झालं का? नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत केरळमधून हजारो मुली नर्स म्हणून पश्चिम जर्मनीत गेल्या. रुग्णांना त्या आवडायच्या, कामाचं कौतुक व्हायचं. पण त्यांच्या नवऱ्यांना सुरुवातीला काही वर्षं काम करायची परवानगी मिळत नसे. आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी नर्सची गरज कमी झाली, तेव्हा काही राज्यांनी अनेकींचे परवाने पुढे वाढवले नाहीत. बऱ्याच जणींना परत यावं लागलं.

त्याच काळात दक्षिण कोरियाच्या नर्सवरही हीच वेळ आली. त्या एकत्र आल्या. सह्यांची मोहीम काढली, जर्मन सहकारी आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, सभा घेतल्या. १९७८ मध्ये त्यांना राहण्याचा हक्क मिळाला. इथं दोन्ही गोष्टी एकमेकींना उपयोगी पडल्या. गावाशी, सहकाऱ्यांशी नातं होतं म्हणून सह्या मिळाल्या, आणि सह्या मिळाल्या म्हणून कागद मिळाला.

म्हणून लेकीच्या हाती हे असू द्या. पासपोर्ट स्वतःजवळ, प्रती घरी. कामाचा करार समजेल अशा भाषेत वाचूनच सही. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी. कुणी रंगावरून, देशावरून वाईट बोललं, कामात डावललं, तर "आपण नवीन आहोत" म्हणून गप्प बसायचं नाही. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. अनेक कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते, तिच्याकडे जाता येतं. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११२. हिंसा सोसणाऱ्या बायांसाठी ११६०१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, अनेक भाषांत मदत करतो. गावात मिळून मिसळून राहणं वेगळं आणि अपमान गिळणं वेगळं. लेकीला दोन्हीतला फरक आपण सांगायला हवा.

गावानंही पुढं यावं लागतं

सगळं ओझं नवीन माणसावरच का? ऑस्ट्रेलियातल्या निल या छोट्या गावाचं उदाहरण बघा. लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. तिथं बदकांवर प्रक्रिया करणारी एक कंपनी आहे, तिला माणसं मिळेनात. २०१० च्या सुमारास म्यानमारमधून निर्वासित झालेली करेन जमातीची कुटुंबं तिथं आली. कंपनीचे सरव्यवस्थापक जॉन मिलिंग्टन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी आधी गावाला समजावलं की हे लोक कोण, का येताहेत. कुटुंबांना आधी गाव बघायला बोलावलं. घरं शोधायला, गाडी शिकायला, इंग्रजी शिकायला गावकऱ्यांनी मदत केली. काही वर्षांत त्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली, म्हणजे गावातला दहातला एक माणूस. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की त्यांच्या येण्यानं त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत पाच वर्षांत चार कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त भर पडली. करेन बायांच्या विणकामाचं दुकानही तिथं निघालं.

म्हणून एक प्रश्न आपल्यालाही. आपल्या गावात कोण नवीन आहे? दुसऱ्या राज्यातून लग्न होऊन आलेली सून, जिची भाषा कुणाला कळत नाही. कारखान्याच्या हंगामात येणारी ऊसतोडीची कुटुंबं. वीटभट्टीवरच्या बाया. नव्यानं बदलून आलेली आरोग्यसेविका. त्यातली कुणी आपल्या गटाच्या बैठकीत बसते का? आपल्या लेकीला तिकडच्या आजीनं कॉफीला बोलवावं असं वाटतं, तर आपल्या ओट्यावर आपण कुणाला चहाला बोलावलं?

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, आपल्या गटातली कुणाची लेक परदेशी निघाली असेल तर तिला बोलवा आणि हे सगळं तिच्याशी बोला. दोन, तिच्या कागदांची यादी इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. तीन, गावातल्या एका नवीन बाईला बैठकीला घेऊन या. तिची भाषा येत नसली तरी चालेल, चहाचे कप धुवायला दोघी मिळून उभ्या राहा.

काय घडलं ते आम्हाला नक्की कळवा.